तुकडा पुढे, तुकडा मागे

गेल्या वर्षी श्रावणात एक मुलगी पत्ता शोधत घरी आली. धरणग्रस्तांच्या वसाहतींवर ती प्रबंध लिहीत होती. पिशवीतून तिने एक जुनी व्हीएचएस कॅसेट काढली. डब्यावर माझ्याच अक्षरात गावाचे नाव, खाली 'शेवटची जत्रा' आणि १९९६ हे साल. "काका, ही तुम्हीच केलीत ना? मग एवढंच सांगा, पालखी देवळातून केव्हा निघायची? सकाळी की संध्याकाळी?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला ठाऊक होते. तरी ते चटकन तोंडातून निघाले नाही. का निघाले नाही ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे; पण त्यासाठी बराच लांबचा फेरा मारावा लागेल. वाचकांनी तेवढी सबुरी ठेवावी.

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एका दुकानाच्या माडीवर माझा पंधराएक वर्षे व्हिडिओ स्टुडिओ होता. लग्ने, बारशी, शाळांची स्नेहसंमेलने, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मी हे काम कुठल्या संस्थेत शिकलो नाही. यंत्रासोबत येणारी इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचायची आणि कॅसेटी खराब करत शिकायचे, असा तो अभ्यासक्रम. स्टुडिओ बंद झाल्यावर रिकामा वेळ मिळाला तेव्हा मनात आले, आपण आयुष्यभर जे तुकडे इकडचे तिकडे केले, त्या कामाला काही इतिहास असेलच की. मग जुनी पुस्तके, यंत्रांची माहितीपत्रके, मिळतील ते चित्रपट असा शोध सुरू झाला. तो अजून चालू आहे.

आमच्या वेळचे एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर, मधे एक मिक्सर. एकात कॅमेऱ्याची मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी मास्टर कॅसेट. हवा तो शॉट शोधायचा, दोन्ही टेपा थोड्या मागे घ्यायच्या, कारण टेपेला वेग धरायला काही सेकंद लागतात, आणि अंदाजाने बटण दाबायचे. जोडावर कधी चित्र उडे, कधी रंगांचे इंद्रधनुष्य उमटे. शॉट एकापाठोपाठ एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने उतरवायचे. तीन तासांची कॅसेट पुरी झाली की नवऱ्या मुलाचे मामा माडी चढून येणार आणि म्हणणार, "अहो, आमच्या थोरल्या दाजींचा आहेराचा शॉट कुठाय?" दाजींचे पंधरा सेकंद सत्तेचाळिसाव्या मिनिटाला घालायचे तर दोनच मार्ग. तिथले पंधरा सेकंद पुसून त्यावर दाजी बसवायचे, म्हणजे दुसरे कोणी तरी जाणार. नाहीतर सत्तेचाळिसाव्या मिनिटापासून पुढचे सगळे पुन्हा उतरवायचे. प्रतीची प्रत काढावी तर चित्र पातळ होते, रंग फुटतात. बहुतेक वेळा मी सरळ कोणाला तरी पुसत असे. पुसलेला माणूस शक्यतो मुलीकडचा असे, कारण पैसे मुलाकडचे देत.

आता माझा पुतण्या संगणकावर एक तुकडा उचलतो, दोन तुकड्यांच्या मधे नेतो आणि सोडतो. पुढचे सगळे तुकडे शिस्तीत सरकून जागा करून देतात, गर्दीच्या बाकावर माणसे सरकतात तसे. त्याला त्यात नवल वाटत नाही. मला मात्र पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते.

मात्र हेच सॉफ्टवेअर दुसरीही सोय देते. तोच तुकडा वेगळ्या बटणाने टाकला तर कोणीही सरकत नाही. तो खाली जे असेल त्यावर बसतो आणि तेवढे झाकून टाकतो. पहिल्याला इन्सर्ट म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरराइट. नवशिक्याला हे दोन प्रकार कशाला ते कळत नाही. मलाही बरेच दिवस कळत नव्हते. पुढे वाचताना ध्यानात आले की हे दोन वेगळ्या यंत्रांचे दोन स्वभाव आहेत. सरकून जागा देणे हा फिल्मचा स्वभाव. पुसून वर बसणे हा टेपेचा. दोन्ही यंत्रे अडगळीत गेली, स्वभाव तेवढे पडद्यावर शिल्लक राहिले.

फिल्मचा स्वभाव आधी पाहू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रे पळतात, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. संकलकाच्या टेबलावर काळ असा फुटांत मोजता येत होता, बोटांत धरता येत होता. दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर कापायचे, एका टोकाचा थर खरवडायचा, सिमेंट लावून दुसरे टोक त्यावर दाबायचे. पुढे चिकटपट्टीने जोडणारे छोटे यंत्र आले. ते लिओ कातोत्झो या फेलिनीच्या संकलकाने बनवले होते. मधे तीन फूट घातले की चित्रपट तीन फुटांनी लांबतो आणि पुढचे सगळे आपोआप दोन सेकंद उशिरा येते. कोणाला सरकायला सांगावे लागत नाही. आवाजाची पट्टी मात्र वेगळी असे. चित्रात तीन फूट वाढवले आणि आवाजात वाढवायला विसरलात, तर तिथून पुढे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. म्हणून जिथे आवाज नाही तिथेही तेवढ्याच लांबीची रिकामी फिल्म जोडावी लागे. शांततेलाही फूट लागत. हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

कापलेले तुकडे कापडी अस्तराच्या डब्यावर, दांडीच्या खिळ्यांना टांगलेले असत. त्या डब्याला बिन म्हणत. आज सॉफ्टवेअरमध्ये ज्या खणात क्लिपा ठेवतात त्यालाही बिनच म्हणतात, आणि कापायच्या अवजाराचे चित्र अजून ब्लेडचेच असते.

इथे एक अवांतर. इंग्रजीत या कामाला कटिंग म्हणत, जर्मनमध्ये 'श्निट' म्हणजे काप, फ्रेंचमध्ये 'मोंताज' म्हणजे यंत्राचे भाग जोडावेत तशी जोडणी. आपण संकलन म्हणतो. कोणी प्रथम हा शब्द योजला ते असो, पण त्याने नेमके वर्म धरले आहे. कापणे आणि जोडणे ही हाताची कामे झाली. काय गोळा करायचे, कशाशेजारी काय ठेवायचे, ही खरी गोम.

आणि ते हात बरेचदा बाईचे होते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली भांडवलदाराला पटवण्यासाठी रोपाची वाढ एकेक चित्र टिपत 'अंकुराची वाढ' केली आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या फिल्मला भोके पाडण्याचे, रसायने कालवण्याचे, फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतले होते. दिवसभर युनिटच्या माणसांचा स्वयंपाक करून. हॉलिवूडमध्येही सुरुवातीच्या काळात 'कटर' म्हणून स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, कारण हे शिवणटिपणासारखे बारीक, बसून करायचे काम मानले जाई आणि पगारही तसाच असे. त्यांतल्या अ‍ॅन बॉचन्स यांना १९४० सालच्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले; संकलनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रशियात झिगा वेर्तोव्हने १९२९ साली 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' केला, त्यात त्याची पत्नी येलिझावेता स्विलोवा टेबलाशी बसून तुकडे लावताना प्रत्यक्ष दिसते. फिल्मची पट्टी, तीवरचा गोठलेला चेहरा, आणि मग तोच चेहरा हलू लागतो. हे काम म्हणजे काय ते ज्याला पाहायचे आहे त्याने तेवढा भाग पाहावा. आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या रेणू सलुजांचा 'जाने भी दो यारो' त्यानंतर पाहावा. स्विलोवाने जिथे हात दाखवला, तिथे रेणूताईंनी तो पूर्ण लपवला आहे.

तुकडा हलता पाहायची सोय फार उशिरा झाली. आधी संकलक फिल्म उजेडात धरून, बोटांतून सरकवत, अंदाजाने लय पकडत. इवान सेरुरिये या मूळच्या डच इंजिनियराने १९१७ च्या सुमारास घरी सिनेमा पाहण्याचे एक यंत्र कल्पिले. त्या वेळच्या लोकप्रिय व्हिक्ट्रोला फोनोग्राफच्या धर्तीवर नाव ठेवले मूव्हिओला. किंमत सहाशे डॉलर, मोजकीच खपली. डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओतल्या एका संकलकाने त्याला सुचवले की हेच आम्हाला टेबलावर बसेल असे करून द्या. १९२४ साली पहिला मूव्हिओला त्या स्टुडिओत गेला आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे तो जगभर राहिला. घरगुती करमणुकीचे फसलेले यंत्र एका धंद्याचा कणा झाले. नंतर हॅम्बर्गच्या स्टीनबेकसारखी आडवी टेबले आली. त्यांच्यावर रिळे ताटांसारखी सपाट फिरत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

एडिसन कंपनीच्या एडविन पोर्टरने १९०३ च्या आरंभी 'लाइफ ऑफ अ‍ॅन अमेरिकन फायरमन' हा पाच-सहा मिनिटांचा चित्रपट आणला. घराला आग लागली आहे, आत बाई आणि मूल अडकले आहे, बंबवाला येतो आणि दोघांना वाचवतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे १९४० च्या दशकात याची एक प्रत आली. तीत शेवटचा प्रसंग असा होता: खोलीच्या आत बाई कोसळते, बाहेर शिडी लागते, आत बंबवाला खिडकीतून येतो, बाहेर बाईला घेऊन उतरतो, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. म्हणजे आजचा कोणीही दिग्दर्शक करील तसे. विद्वानांनी मान डोलावली. एकाच वेळी दोन ठिकाणी घडणारी घटना तुकडे आलटून पालटून दाखवायची युक्ती पोर्टरने १९०३ सालीच शोधली होती असे ग्रंथांत लिहिले गेले आणि पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले.

पण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दुसरा पुरावा पडून होता. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९१२ पर्यंत चलच्चित्र हा प्रकारच नव्हता, छायाचित्र होते. म्हणून निर्माते आख्खा चित्रपट छायाचित्राच्या कागदाच्या लांब पट्टीवर छापून तिथे जमा करत. मूळ फिल्मा जळाल्या, कुजल्या, पण कागदाच्या या भेंडोळ्या सुमारे तीन हजार चित्रपटांचा साक्षीदार म्हणून उरल्या. त्यांच्यावरून पुन्हा फिल्म उतरवण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्याला झाले. 'फायरमन'ची भेंडोळी उलगडली तर तीत आलटापालट नव्हतीच. आधी आतला संपूर्ण प्रसंग सलग: बाई कोसळते, बंबवाला येतो, बाईला नेतो, परत येऊन मुलाला नेतो. आणि मग तोच संपूर्ण प्रसंग पुन्हा पहिल्यापासून, बाहेरून! एकच बाई दोनदा वाचवली जाते. १९७८ साली ब्रायटनला चित्रपट अभिलेखागारांची परिषद भरली, तीत आणि तिच्या आसपासच्या वर्षांत चार्ल्स मसर, आंद्रे गोद्रो यांच्यासारख्या अभ्यासकांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. कागदाची प्रत मूळची, संग्रहालयातली प्रत नंतर कोणी तरी 'नीट' केलेली, हा निष्कर्ष आता सर्वमान्य आहे.

ज्या कोणी ते तुकडे हलवले त्याचा हेतू वाईट नसावा. त्याला वाटले असेल, जुन्या लोकांना कळत नव्हते, चुकून दोनदा लागले आहे, लावून टाकू. १९०३ च्या प्रेक्षकाला मात्र तसे चुकल्यासारखे वाटत नव्हते. कीर्तनकार एकच प्रसंग आधी द्रौपदीकडून आणि मग कृष्णाकडून सांगतो, तेव्हा आपण 'हे दोनदा झाले' म्हणतो का? त्यांचे सांगणे त्या जातीचे होते. ते समजून घेण्याऐवजी कोणी तरी दहा-बारा तुकडे मागेपुढे केले आणि संकलनाच्या इतिहासाचे पहिलेच पान चुकले. हे मी प्रथम वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण वाचकांना पुढे कळेल.

टेपेची कथा त्या मानाने थोडक्यात. १९५६ साली अ‍ॅम्पेक्स कंपनीने दोन इंच रुंद टेपेवर दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करणारे यंत्र शिकागोत दाखवले. फिल्मवर चित्र डोळ्यांना दिसते. टेपेवर काहीच दिसत नाही, नुसता तपकिरी फितीचा गुळगुळीतपणा. तरी लोक तीही कापत. लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय खुणा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन चित्रांमधली जागा शोधायची आणि ब्लेड चालवायचे. १९६८ साली सुरू झालेल्या 'लाफ-इन' या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाच्या एकेका भागात असे शेकडो जोड असत. पण हा द्राविडी प्राणायाम फार काळ कोण करणार? एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवून घेण्याची रीत पडली. तीच माझ्या माडीपर्यंत आली. कापणे थांबले तसे सरकणेही थांबले. फिल्मवाल्याला जे १९१० साली सहज जमत होते, ते दाजींच्या आहेराच्या वेळी मला जमत नव्हते. तंत्र पुढे जाते तेव्हा हातातले काही तरी सांडतेच. हे सांडलेले परत मिळायला तीन दशके लागली.

ते परत आले आकड्यांच्या वाटेने. १९६७ साली ईईसीओ कंपनीने टेपेवरच्या प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक असा पत्ता द्यायची युक्ती काढली, तीच टाइमकोड. १९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून सीएमएक्स ६०० हे यंत्र केले. जेमतेम अर्ध्या तासाचे कृष्णधवल, अर्धवट तपशिलाचे चित्र, ते साठवायला कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या डिस्का, किंमत अडीच लाख डॉलर. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने बोट दाखवायचे आणि हवा तो शॉट हव्या त्या क्रमाने लावायचा. यंत्र फारसे खपले नाही. पण त्यातून निघणारी यादी टिकली: अमुक टेप, इथपासून इथपर्यंत, तमुक ठिकाणी. त्याच घराण्यातल्या सीएमएक्स ३६०० च्या पद्धतीची यादी आजची सॉफ्टवेअरही वाचतात. संकलन म्हणजे शेवटी पत्त्यांची यादी, हे तिथे प्रथम उघडे पडले. आज आपण पडद्यावर जो तुकडा ओढतो तो चित्राचा तुकडा नसतोच. मूळ फाइल जिथल्या तिथे पडून असते. आपण हलवतो ती एक चिठ्ठी, 'या फाइलमधले इथपासून इथपर्यंत आता दाखव' एवढेच लिहिलेली. चिठ्ठी शंभर वेळा फाडा, मुळाला ओरखडा नाही. खरे तर फिल्मच्या काळीही संकलक निगेटिव्हला हात लावत नसे. तो कामाची प्रत कापे, आणि सगळे ठरल्यावर कडेला छापलेले आकडे जुळवून निगेटिव्ह शेवटी कापली जाई.

मग ही आडवी रेघ कुठून आली? डावीकडून उजवीकडे काळ, त्यावर कमीजास्त लांबीच्या पट्ट्या, एकाखाली एक थर. संगणकाच्या लोकांना विचाराल तर ते १९८४ सांगतील. त्या वर्षी जॉर्ज लुकसच्या कंपनीने एडिटड्रॉइड दाखवले. चित्रे लेझरडिस्कवर, आणि पडद्यावर कालरेषेचे चित्र. ते बाजारात चालले नाही, पण रेघ पुढच्यांनी उचलली. बिल वॉर्नरने १९८७ साली अ‍ॅव्हिड कंपनी काढली, १९८९ साली मॅकिंटॉशवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. सुरुवातीचे त्याचे चित्र इतके भरड होते की नटाचे डोळे उघडे की मिटलेले ते कळू नये. सात वर्षांत 'द इंग्लिश पेशंट' आला, त्याचे संकलक वॉल्टर मर्च यांना ऑस्कर मिळाले, आणि संगणकावर संकलित चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पण माझ्यासारख्या पुराणवस्तूवाल्याला १९८४ पुरत नाही. ऐझेनस्टाइनने 'अलेक्झांडर नेव्हस्की'मधल्या बारा शॉटांचा तक्ता १९४२ साली पुस्तकात छापला: वर चित्रे, त्याखाली प्रोकोफिएव्हच्या संगीताच्या ओळी, त्याखाली लांबी, त्याखाली हालचालीची रेषा, सगळे एकाखाली एक काटेकोर जुळवलेले. आजच्या कोणाही मुलाला दाखवा, तो म्हणेल ही टाइमलाइन. ध्वनिमिश्रणाच्या खोलीत मात्र काळ उभा वाहत होता. प्रत्येक आवाजपट्टीला एक रकाना, आणि फुटांचे आकडे वरून खाली. पंचांगासारखे. संगणकाने तो रकाना आडवा निजवला.

याच्याही मागे जाता येते. ऑक्सिजनच्या शोधासाठी आपण ज्याचे नाव पाठ केले त्या जोसेफ प्रीस्टलीने १७६५ साली 'चार्ट ऑफ बायोग्राफी' छापला. तीन फूट रुंदीच्या कागदावर इसवी सनापूर्वी १२०० पासून १८०० पर्यंतचा काळ आडवा पसरलेला, आणि त्यावर सुमारे दोन हजार माणसांची आयुष्ये. प्रत्येक माणूस म्हणजे एक आडवी रेघ; जन्मापाशी सुरू, मृत्यूपाशी संपलेली. राजकारणी आणि योद्धे एका थरात, कवी आणि कलावंत दुसऱ्यात, असे सहा थर. नवा संकलक पाहील तर त्याला वाटेल दोन हजार क्लिपा टाकून ठेवल्या आहेत. पण प्रीस्टलीने एक गोष्ट केली जी आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मला सापडली नाही. ज्याच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख पक्की नव्हती, त्याची रेघ तिथे त्याने ठिपक्यांची काढली. इथे मला खात्री नाही, हे चित्रातच सांगितले. टाइमलाइनवरच्या क्लिपेची कड मात्र नेहमी धारदार असते. इथे सुरू, इथे संपली. तिला 'बहुधा' म्हणता येत नाही.

अगदी अलीकडचा एक वाद सांगून हा भाग संपवतो. २०११ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणले. त्यातली टाइमलाइन चुंबकासारखी. एक तुकडा काढला की दोन्हीकडचे तुकडे येऊन चिकटतात, मधे रिकामी जागा उरत नाही. हवी असेल तर 'गॅप' नावाचा रिकामा तुकडा मुद्दाम ठेवावा लागतो. जगभरच्या संकलकांनी तक्रारी केल्या, सह्यांच्या मोहिमा काढल्या. त्यांच्या इतर मागण्या, विशेषतः जुने प्रकल्प उघडत नाहीत ही, रास्तच होत्या. पण गॅपवर चिडलेले पाहून मला हसू आले. शांततेलाही फूट लागत, हेच तर त्या यंत्राने परत आणले होते. अंतर फुकट नसते. ते कोणी तरी जोडावे लागते. मर्च यांनी जुन्या टेबलाबद्दल एक गोष्ट लिहिली आहे, तीही याच जातीची. हवा तो शॉट शोधायला रीळ फिरवताना नको असलेले शॉटही डोळ्यांखालून जात, आणि त्यांतूनच कधी तरी खरे हवे ते सापडे. संगणक मागितलेले तेवढे देतो.

आता पालखी.

धरणाचे पाणी पुढच्या पावसाळ्यात गावात शिरणार होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शेवटच्या जत्रेचे शूटिंग मला दिले. दोन दिवस, चार कॅसेटी. पालखी पहिल्या दिवशी पहाटे निघाली. नदीवरचे धुके, देवळाच्या पायऱ्या, मागे रडणाऱ्या बाया, पुढे हलगी. उजेड इतका कमी होता की व्हीएचएसवर पहाट आणि दिवेलागण यांत फरक करणे कठीण. माडीवर बसून मी कॅसेट लावायला घेतली तेव्हा ती दृश्ये सुरुवातीला फुकट जातात असे वाटू लागले. कुस्त्या, जेवणावळी, तमाशा, आणि मग संपणार कशावर? रिकाम्या मंडपावर? मी पालखी शेवटी टाकली. तिच्याखाली एका सिनेमातले सनईचे संगीत घातले. गावकऱ्यांनी वसाहतीतल्या समाजमंदिरात ती पाहिली तेव्हा माणसे ओक्साबोक्शी रडली, आणि मी त्या दिवशी घरी जाताना हवेत होतो. मूळच्या चार कॅसेटी पुढच्या लग्नसराईत वापरल्या. कोरी कॅसेट परवडत नसे. एका कॅसेटवर तीन तीन लग्ने जात. त्या चारांवर कोणाची लग्ने गेली तेही आता आठवत नाही.

ती मुलगी सांगत होती की नव्या वसाहतीत देऊळ बांधल्यावर दोन-तीन वर्षे पालखीच निघाली नाही. मग निघू लागली तेव्हा जाणती माणसे थोडीच उरली होती. तरुणांनी कॅसेट लावून पाहिली आणि त्याप्रमाणे केले. गेली वीसेक वर्षे पालखी दिवे लागायच्या वेळी निघते. तिने प्रबंधाच्या मसुद्यात 'परंपरेनुसार सायंकाळी' असे लिहिले होते. एका म्हातारीने मात्र तिला 'पूर्वी पहाटं निघायची' असे सांगितले होते, म्हणून ती माझ्याकडे आली. कागदाची भेंडोळी म्हणावी तर ती म्हातारी. मी तिला सगळे सांगितले. तिने लिहून घेतले, तारीख घातली आणि माझी सही मागितली. मी केली.

दिवाळी झाल्यावर मी वसाहतीत गेलो. देवस्थान समितीचे अध्यक्ष माझ्याच वयाचे; त्या पहाटे ते पालखीच्या पुढच्या दांडीला होते, माझ्या चित्रात दिसतात. मी सांगू लागलो तसे ते ऐकत राहिले, मधे एकदा हसले.

"आम्हास्नी काय ठावं न्हाई व्हय, दादा? पालखी पहाटचीच."

"मग?"

"मग काय. आता सांच्यालाच बरी. पोरं कंपनीतनं सहाला सुटत्यात."

निघताना त्यांनी समितीच्या कपाटातली कॅसेट दाखवली. मी खिशातून पेन काढले, डब्यावरच्या माझ्या जुन्या अक्षराखाली 'पालखीची दृश्ये पहिल्या दिवशी पहाटेची, क्रम बदललेला' असे लिहिले. जागा कमी होती, शेवटचे दोन शब्द कडेला वळवून लिहावे लागले.